आधी कोरडे, मग ओले : गाडीच्या आतल्या स्वच्छतेविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरल्यानंतर चारचाकी गाडीची काळजी कशी घ्यावी, याविषयी मागील अंकात मजकूर दिला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गाडीच्या बाहेरच्या रंगाविषयी नसून आतल्या भागाविषयी आहेत. खेड्यातील गाडी ही एकाच वेळी घरची, वावरातली आणि बाजारची असते, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. काही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीतून घरच्या माणसांबरोबर ढेपेचे कट्टे, कापसाची बोचकी असे सगळेच येते-जाते. पायाखालच्या कार्पेटवर काळी माती घट्ट बसली आहे आणि सीटच्या कापडाला रुई चिकटली आहे. ओल्या फडक्याने घासले, तर डाग कमी होण्याऐवजी पसरला. घरी व्हॅक्यूम क्लीनर नाही. गाडी आतून पूर्णपणे स्वच्छ कशी करावी? (एक शेतकरी, ता. मारेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : डाग पसरला, तो ओल्या फडक्यामुळेच. आपल्याकडील काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. शेतात भेगाळणारी जमीन आपण दरवर्षी पाहता, तोच गुण येथे आपल्या उपयोगी पडतो. कार्पेटवरचा चिखल पूर्ण वाळू द्यावा, मग कार्पेटला खालून हाताने किंवा लाकडी पट्टीने ठोकावे. बरीचशी माती खपल्यांच्या रूपाने सुटून येते. सुटणारे मॅट बाहेर काढून बाजेवर उलटे टाकावेत आणि झोडपावेत. कार्पेटमध्ये उरलेली माती कपडे धुण्याच्या ताठ ब्रशने एकाच दिशेने ओढून काढावी. गोल गोल घासल्यास ती पुन्हा आत जाते.

व्हॅक्यूम क्लीनर नसला तरी काम अडत नाही. गावातल्या किंवा जवळच्या फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मिळते. चारही दारे उघडी ठेवून, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर रुमाल बांधून, सीटच्या फटी, सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ते लोखंडी रूळ आणि दारांचे खालचे कप्पे हवेने मोकळे करून घ्यावेत. रुळांत सरकीचे दाणे अडकलेले असतात. त्यामुळे सीट सरकताना जड लागते आणि उंदरांना आमंत्रण मिळते, ते वेगळेच. मात्र एसीच्या जाळ्यांमध्ये आणि स्टिअरिंगखाली हवेचा जोराचा झोत मारू नये. छताच्या कापडावरही मारू नये, कारण ते फोमच्या पातळ थरावर केवळ गोंदाने चिकटवलेले असते.

रुई काढण्यासाठी भांडी घासण्याचा रबरी हातमोजा पुरतो. तो पाण्यात बुडवून चांगला झटकावा आणि किंचित ओलसर असताना सीटवरून वरून खाली, एकाच दिशेने हात फिरवावा. रुईच्या वाती वळत जातात व बोटांनी सहज उचलता येतात. एवढे साधे काम लोक ब्रशने करतात आणि रुई कापडात अधिकच गुंतवून ठेवतात.

हे सर्व झाल्यावरच पाण्याला हात लावावा. १ लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रवरूप साबण घालून भरपूर फेस करावा आणि सीटवर पाणी नव्हे, फक्त तो फेस मऊ ब्रशने लावावा. एका वेळी साधारण हातभर जागाच घ्यावी, फेस लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा व नंतर कोरड्या पंच्याने दाबून ओल काढावी. साबणाचा अंश कापडात राहिला, तर ते कापड पूर्वीपेक्षा लवकर मळते. म्हणून साबण कमी आणि पुसणे अधिक, हे प्रमाण सोडू नये. छतावर फेससुद्धा लावू नये. डाग असेल तेवढीच जागा पिळलेल्या फडक्याने हलकेच टिपावी, अन्यथा गोंद सुटून कापड लोंबू लागते.

सीट काढून धुण्याचा मोह काही जणांना होतो. गाडीत एअरबॅग असतील, तर हे काम घरी करू नये. सीटखाली पिवळ्या रंगाचे वायरचे जोड दिसतात, ते बहुधा एअरबॅगच्या आणि पट्ट्याच्या यंत्रणेचे असतात. त्यांना ओढू नये व भिजवूही नये. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही : दिवसभर दारे उघडी ठेवायची असतील, तर आतला दिवा बंद करावा. नाहीतर संध्याकाळी गाडी स्वच्छ असते, पण बॅटरी उतरलेली असते.

प्रश्न : डेअरीत दूध नेताना कॅन कलंडली आणि दूध मागच्या सीटखाली सांडले. त्याच दिवशी गरम पाण्याने पुसून घेतले होते. आता इतका वास येतो की काचा खाली केल्याशिवाय बसवत नाही. सुगंधी बाटली लावली, तर दोन्ही वास एकत्र येतात. (एक वाचक, जि. बुलढाणा)

उत्तर : दूध, अंडे आणि रक्त या तिघांच्या बाबतीत गरम पाणी हा पहिला उपाय कधीही नसावा. उष्णतेने त्यांतील प्रथिने गोठतात आणि धाग्यांना धरून बसतात. दूध सांडल्याबरोबर ते कोरड्या कापडाने टिपून थंड पाण्याने पुन्हा पुन्हा टिपले असते, तर बराच भाग निघून गेला असता. परंतु आता आपल्याला येणारा वास कार्पेटचा नसून त्याच्या खालच्या थराचा आहे. कार्पेटखाली आवाज व उष्णता अडवण्यासाठी फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. दूध तेथे मुरते, आंबते आणि वर कितीही पुसले तरी त्याला धक्का लागत नाही.

म्हणून दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हलक्या हाताने वर उचलावी. बहुतेक गाड्यांत ती क्लिपांवर बसवलेली असते. पट्टी निघाली की कार्पेटची कड मोकळी होते. ती वर धरून खाली विटेचा तुकडा किंवा लाकूड सरकवावे, म्हणजे खालचा थर दिसेल. कपडे धुण्याच्या साबणांपैकी ज्यांच्या वेष्टनावर एन्झाइम असल्याचा उल्लेख असतो, तसा द्रवरूप साबण कोमट पाण्यात पातळ करून वास येणाऱ्या भागावर घालावा आणि तो अर्धा-पाऊण तास वाळू न देता तसाच राहू द्यावा. एन्झाइमला प्रथिने व स्निग्धांश तोडायला वेळ लागतो. लावले आणि पुसले, असे केल्यास त्याचा काही उपयोग होत नाही. नंतर थंड पाण्याचे फडके आणि कोरडा टॉवेल आळीपाळीने दाबून सगळे ओढून घ्यावे. टॉवेलवर उभे राहून वजन दिल्यास पाणी अधिक निघते.

थर खडखडीत वाळेपर्यंत कार्पेट खाली बसवू नये. ऊन चांगले असले, तरी फेल्टला वाळायला एकापेक्षा अधिक दिवस लागू शकतात. वाळल्यावर त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ब्रशने झाडून काढावा. आंबलेल्या दुधाचा वास बराचसा आम्लांमुळे येतो आणि सोडा त्यांना निष्प्रभ करतो. ओल्या कार्पेटवर सोडा टाकू नये, त्याचे खडे होतात आणि ते काढणे हे नवे काम होऊन बसते. एवढे करूनही वास राहिलाच, तर फेल्टचा तेवढा तुकडा कापून नवा बसवणे हाच उपाय उरतो. गाडीच्या सीटकव्हरची कामे करणाऱ्यांकडे ते होऊ शकते. सुगंधी बाटली मात्र आजच काढून टाकावी.

प्रश्न : गाडीत बसणारे पाहुणे खर्रा खातात. दाराच्या आतल्या बाजूला आणि सीटच्या कडेला तांबूस-पिवळे डाग पडले आहेत. धुण्याच्या सोड्याने घासले, तर ते अधिक गडद झाले. (एक शिक्षिका, जि. वर्धा)

उत्तर : पाहुण्यांना काय सांगावे, हे या सदराच्या कक्षेबाहेरचे आहे. डागांचे कारण मात्र सांगता येते. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला असतो. सुपारीतले टॅनिन अल्कधर्मी द्रव्याच्या संगतीने गडद होते. चुना मुळातच अल्कधर्मी आहे आणि त्यात आपण धुण्याच्या सोड्याची भर घातली, म्हणून डाग वाढला. येथे सौम्य आम्ल हवे. वाळलेले कण आधी खरवडून काढावेत. मग एक कप पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून त्यात बुडवलेले कापड डागावर काही मिनिटे ठेवावे, टिपावे आणि शेवटी साबणाच्या फेसाने पुसावे. व्हिनेगर नसल्यास गाळलेला लिंबाचा रस चालतो. सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर रंग जातो की काय, हे आधी पाहून घ्यावे. व्हिनेगर आणि ब्लीचिंगचे द्रावण कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद गाडीत तो प्राणावर बेतू शकतो.

काच जेथून वर-खाली होते, तेथील रबरी खोबणही पाहावी. खिडकीतून थुंकताना उडालेले शिंतोडे तेथे जमतात, सुकतात आणि त्यातले चुन्याचे व सुपारीचे कण काचेवर उभ्या रेषा ओढतात. बारीक काडीला ओले कापड गुंडाळून खोबण शेवटपर्यंत पुसावी.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरच्या पाण्याने गाडी आतून पुसली की काचेवर, डॅशबोर्डवर आणि सीटवर पांढरट डाग दिसतात. साबणाला फेसही येत नाही. (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात भूजलातच क्षार अधिक आहेत. पाणी उडून जाते आणि क्षार जागेवर राहतात, तेच आपले पांढरे डाग. फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवत असाल, तर साबण व क्षार मिळून तयार होणारा चिकट साका आणखी मागे राहतो. शिवाय क्षार हवेतली ओल धरून ठेवतात, त्यामुळे सीटचे रूळ आणि कार्पेटखालचा पत्रा गंजण्याची भीती असते.

संपूर्ण गाडी आतून स्वच्छ करायला एरवी वाटते त्यापेक्षा फारच कमी पाणी लागते. एक-दोन बादल्या पुरतात. तेवढ्यासाठी साठवलेले पावसाचे पाणी किंवा पिण्याच्या पाण्याची कॅन वापरावी. कॅन विकत घेणे जड वाटत असेल, तर पहिले पुसणे बोअरच्या पाण्याने आणि शेवटचे मात्र चांगल्या पाण्याने करावे. आधीचे पांढरे डाग सम प्रमाणात पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. काचेला गडद फिल्म असल्यास, तसेच स्क्रीनवर, ते लावू नये. तेथे चांगल्या पाण्यात भिजवून पिळलेले मऊ कापडच बरे. मागच्या काचेवर आतून ज्या बारीक आडव्या रेषा असतात, त्या काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारा आहेत. त्यांच्या दिशेने आडवेच पुसावे आणि नखाने किंवा ब्लेडने काही खरवडू नये.

प्रश्न : वावरात फवारणीसाठी नेताना कीटकनाशकाचा डबा डिक्कीत फुटला. पुसून घेतले, पण उग्र वास जात नाही. याच गाडीतून मुलांना शाळेत सोडतो. धुण्यासाठी फवारणीचा पंप वापरला तर चालेल का? (एक शेतकरी, जि. यवतमाळ)

उत्तर : पत्र मिळताच आपल्याला वेगळे कळवले आहे, तरी इतरांसाठी येथे सविस्तर लिहीत आहोत. ही साफसफाई नेहमीची नव्हे. ती पूर्ण होईपर्यंत मुलांना या गाडीत बसवू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. त्यातले विष पाण्यात पातळ केलेले होते. डिक्कीत सांडलेले द्रव्य पातळ न केलेले आहे.

सर्वप्रथम डब्यावरचा चौकोन पाहावा. त्यातला त्रिकोण लाल असेल तर ते द्रव्य अतिशय तीव्र विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर त्या मानाने कमी विषारी असते. लाल किंवा पिवळा त्रिकोण असल्यास भिजलेला मॅट, कार्पेट आणि त्याखालचा थर वाचवण्याचा विचारच सोडून द्यावा. तो काढून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, मुले व गुरे पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावा आणि विल्हेवाटीविषयी तालुक्याच्या कृषी कार्यालयाला विचारावे. तो जाळू नये, कारण धूरही विषारी असतो.

गाडी विहीर, हौद आणि गोठ्यापासून दूर, सावलीत, सगळी दारे उघडून उभी करावी. जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद चपला घालाव्यात. पत्र्यावर ओल दिसत असल्यास त्यावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ती शोषू द्यावी आणि खरवडून पिशवीत भरावी. नंतर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यांनी पत्रा व प्लॅस्टिक अनेकदा पुसावे, दर वेळी नवे फडके घ्यावे आणि वापरलेली फडकी धुवून पुन्हा घरात आणू नयेत. येथे पाइपने पाणी मारू नये. ते विष गाडीच्या सांध्यांत आणि तेथून जमिनीत उतरवते. व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये, कारण अनेक कीटकनाशकांत पेट घेणारे द्रावक असतात आणि यंत्राच्या मोटरमध्ये ठिणगी उडते.

काम करताना किंवा नंतर मळमळ, अतिशय घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे किंवा छातीत आवळल्यासारखे वाटणे असे काही जाणवले, तर ताबडतोब कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रुग्णालय गाठावे आणि डब्याचे लेबल सोबत न्यावे. त्यावर विषावरच्या उताऱ्याचे नाव दिलेले असते.

फवारणीच्या पंपाविषयी : नाही, चालणार नाही. पंप, नळी आणि नोझल कितीही धुतले तरी त्यांत औषधाचा अंश राहतो. तणनाशकाच्या पंपाने पऱ्हाटी (कपाशी) जळाल्याचे अनुभव गावोगावी आहेत, मग सीटवर तोच पंप कशाला? पाणी शिंपडायला साधी नवी स्प्रे बाटली घ्यावी. पुढच्या खेपेला औषधाचा डबा माणसे बसतात त्या गाडीतून न आणणे उत्तम. आणावाच लागला, तर झाकणाच्या बादलीत उभा ठेवून आणावा.

प्रश्न : धानाचे दिवस आले की गाडीत उंदीर शिरतात. एसी लावला की दुर्गंधी येते आणि आता पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असण्याची शक्यता आहे. डाव्या बाजूच्या कप्प्यामागे बहुतेक गाड्यांत एसीची गाळणी असते. उंदीर बाहेरची हवा आत येण्याच्या वाटेने तेथे पोहोचतात आणि तणस, कागद, फोम आणून घरटे करतात. हाच कचरा एसीचे पाणी खाली सोडणाऱ्या नळीत अडकला, की पाणी गाडीच्या आत उतरते. गाळणी काढून पाहावी. ती कागदी असेल, तर धुवू नये, बदलावी. नळी तुंबली असल्यास गाडीखालच्या तोंडातून ती मोकळी करता येते. हे मेकॅनिककडून करून घेतलेले बरे.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. उंदरांच्या मल-मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात आणि झाडताना ती धूळ नाका-तोंडात जाते. दारे अर्धा तास उघडी ठेवावीत, हातमोजे आणि मास्क घालावा, एक भाग ब्लीचचे द्रावण व नऊ भाग पाणी असे मिश्रण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटांनी कागदाने उचलावे. कापडाचा रंग या मिश्रणाने उडतो, म्हणून सीटवर साबणाचे पाणीच वापरावे. डांबराच्या गोळ्या काढून टाकाव्यात. बंद गाडीत त्यांची वाफ साठते आणि ती लहान मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, अपायकारक ठरू शकते. उंदीर त्याने हटतील, याचा भरवसाही नाही. गाडीत धान्य, सरकी किंवा मुलांचा खाऊ रात्री राहू न देणे आणि गाडी तणशीच्या ढिगाजवळ उभी न करणे, याचा अधिक उपयोग होतो.

प्रश्न : डॅशबोर्डला खोबरेल तेल लावले तर चमक येते. गॅरेजमध्ये रॉकेलनेही पुसतात. उन्हाळ्यात काय करावे? (एक वाचक, जि. चंद्रपूर)

उत्तर : दोन्ही नको. तेलावर धूळ बसते आणि चकाकी समोरच्या काचेत उमटून दुपारी रस्ता नीट दिसत नाही. रॉकेल प्लॅस्टिकला मारक आहे आणि त्याची वाफ पेट घेते. ओलसर कापड पुरेसे आहे. काचेखाली एखादी जाड चादर पसरून ठेवल्यास डॅशबोर्ड त्याहून अधिक टिकतो. पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात बंद असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. सुगंधाच्या स्प्रे डब्यांवर ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये, असे छापलेलेच असते. हे डबे आणि सॅनिटायझरच्या बाटल्या गाडीत ठेवू नयेत.

मे महिन्यात आतली साफसफाई सकाळी ऊन चढण्यापूर्वी सावलीत करावी, कारण तापलेल्या सीटवर साबण लागताच वाळतो आणि त्याच्या कडा डागासारख्या उमटतात. सीटचे पट्टेही याच वेळी पुसावेत. पट्टा पूर्ण बाहेर ओढून वरच्या बाजूला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावावा, म्हणजे तो आत जाणार नाही. मग सौम्य साबणाच्या पाण्याने तो धाग्यांच्या दिशेने पुसून, पूर्ण वाळल्यावरच चिमटा काढावा. पट्ट्याला ब्लीच लावू नये, त्याने धागा कमकुवत होतो.